विहिरीचे पाणी कोणत्या मापाने पाहावे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अंथरूण एका मापाने व पाय दुसऱ्याच मापाने मोजले, तर जाणत्याचाही अंदाज चुकतो. रब्बीच्या पेरणीत पुष्कळदा असेच घडते.

कार्तिकात शेतकरी विहिरीत डोकावतो. त्यास १६ फूट पाणी दिसते. कर्मचारी त्यास मिलिमीटर व घनमीटर सांगतो. पिकास मात्र पाण्याच्या पाळ्या लागतात. तिन्हींचा मेळ बसत नाही आणि शेजाऱ्याकडे पाहून गहू पेरला जातो. हा बुद्धीचा दोष नव्हे. माहिती मनात ज्या रूपाने वसते, त्या रूपानेच मनुष्य विचार करतो. रूप सोयीचे नसेल तर सोपा प्रश्नही सुटत नाही.

२६ फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे १५ हजार लिटर. एकरभर रानात दोन इंच पाणी उभे करावयाचे, तर सुमारे दोन लक्ष लिटर लागतात. म्हणजेच एकराची एक पाळी विहिरीतील साडेतेरा फूट पाणी घेते. डोळ्यांना विपुल वाटणारा १६ फुटांचा साठा सव्वा एकराच्या एका पाळीसही पुरत नाही! खरा आधार झऱ्यांचा. चोवीस तासांत चार फूट पाणी चढत असेल, तर वीस दिवसांत ८० फूट, म्हणजे सहा एकरांची पाळी होते. परंतु माघात तेच झरे एक फुटावर आले, तर वीस दिवसांत जेमतेम दीड एकर भिजतो. नेमका तेव्हाच गव्हाचा दाणा भरत असतो. गव्हास पाच-सहा पाळ्या लागतात, हरभरा दोन-तीन पाळ्यांत येतो. हिशेब असा मांडला म्हणजे किती गहू व किती हरभरा, याचे उत्तर शेतकरी स्वतःच देतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाचे व विहिरींचे मोजमाप ग्रामसभेपुढे ठेवून पिके ठरविण्याची प्रथा आहे. तेथील यशात या मांडणीचा वाटा मोठा आहे.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ आकडे पोहोचवून थांबू नये. प्रत्येक विहिरीच्या काठावर ‘एक पाळी म्हणजे इतके फूट’ एवढे रंगवून द्यावे, व झऱ्यांची नोंद दर पंधरवड्यास शेतकऱ्याकडूनच करवावी. माघातील उभे पीक कार्तिकातील या हिशेबावर अवलंबून आहे.