नेमबाजीच्या विक्रमांची वही

क्रीडापानाच्या तळाशी 'नेमबाजीत नवा राष्ट्रीय विक्रम' असे एखादे चार ओळींचे वृत्त अधूनमधून झळकते. नाव असते, गुण असतात, गावही असते. मात्र आधीचा विक्रम कोणाचा होता, तो केव्हा व कोठे झाला, कोणत्या नियमांखाली झाला, यांपैकी काहीच त्यात नसते. वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने विचारायचे तरी कोणाला? १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या आणि प्रतिस्पर्ध्यांनी मैदान सोडल्यामुळे ब्रॅडमनच्या ४५२ पर्यंत पोहोचायचे त्यांचे राहून गेले, हे आमच्याकडचा क्रिकेटवेडा वाचक झोपेतही सांगेल. ज्या खेळाने देशाला ऑलिंपिकचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक दिले, त्या खेळातील दहा आकडे मात्र त्याला सांगता यायचे नाहीत. भाषणात अर्जुन आणि पोपटाचा डोळा येतो, टाळ्या पडतात आणि प्रकरण तेथेच संपते.

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष. जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद, पण घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. तेव्हा कोकणपट्टीने या संघटनेकडे थोड्या आपुलकीने पाहिले तर त्यात वावगे काही नाही. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी आहे. इतक्या वर्षांत नोंदी झाल्याच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक स्पर्धेची निकालपत्रे असतातच. परंतु निकालपत्रांचा गठ्ठा म्हणजे विक्रमसूची नव्हे, जसा बिलांचा गठ्ठा म्हणजे जमाखर्च नव्हे.

नेमबाजीत अडचण अशी की, मोजण्याची पट्टीच वेळोवेळी बदलत आली आहे. महिलांच्या दहा मीटर एअर रायफलचेच उदाहरण घ्या. २०१२ पर्यंत पात्रता फेरीत चाळीस फैरी असत आणि प्रत्येक फैरीला पूर्णांकात गुण मिळत. म्हणजे अधिकाधिक ४००. २०१३ पासून दशांश मोजू लागले, अचूक मध्यावर बसलेल्या गोळीला १०.९ मिळू लागले आणि कमाल आकडा ४३६ झाला. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांप्रमाणे साठ फैरी आल्या आणि कमाल ६५४ वर गेली. सहा वर्षांत तीन पट्ट्या! तीन आसनांच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत तर याहून मौज आहे. महिलांच्या साठ फैरींच्या २०१८ मध्ये एकशेवीस झाल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा साठ. आता २०१७ पूर्वीचा ६०० पैकीचा विक्रम आणि आजचा ६०० पैकीचा विक्रम हे एकच का? आकडा सारखा दिसतो म्हणून घाईघाईने 'होय' म्हणणाऱ्याने नियमांची पुस्तके समोरासमोर ठेवून पाहावीत.

अशा वेळी नुसती 'आजचे विक्रम' देणारी यादी केली तर काय होईल? सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. दहा मीटरवरील त्या लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे टाचणीच्या माथ्याहूनही बारीक. चाळीस वेळा नेम धरला आणि चाळीस वेळा गोळी त्याला स्पर्शून गेली. यापुढे जाण्यासारखे त्या मोजणीत काही उरलेलेच नव्हते. गगन नारंग यांनी २००८ मध्ये बँकॉकला विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत ६०० पैकी ६०० आणि अंतिम फेरीचे १०३.५ असे ७०३.५ गुण नोंदवून विश्वविक्रम केला. २०१३ पासून अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते, दोन फेऱ्यांची बेरीजच होत नाही. हे विक्रम कोणी मोडलेले नाहीत आणि कोणाला मोडताही येणार नाहीत. चालू नियमांच्या यादीत मात्र त्यांना जागा नाही. न हरता बाद होण्याचा हा प्रकार आहे.

जुन्या गुणांचे नव्या पट्टीत रूपांतर करावे, असेही कोणी सुचवील. ते होण्यासारखे नाही. साठही गोळ्या दहाच्या वर्तुळात गेल्या एवढेच ६०० हा आकडा सांगतो. दशांशात ते ६०१ असतील किंवा ६३० असतील. प्रत्येक फैरीचे दशांश कोणी टिपून ठेवले असतील किंवा ती कागदी लक्ष्ये जपून ठेवली असतील तरच ते कळेल, आणि जुने कागद जपण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आमची सूचना अशी की, सूचीचे दोन भाग असावेत: एक चालू नियमांचा, दुसरा मिटलेल्या नियमांचा, आणि दोघांचा मान सारखा. प्रत्येक नोंदीपुढे गुण, तारीख, स्पर्धा, मैदान, फैरींची संख्या, लक्ष्य कागदी की इलेक्ट्रॉनिक, आणि नियम कोणत्या वर्षाचे, एवढे असावेच. बरोबरी करणाऱ्याचे नाव पहिल्याच्या शेजारी यावे, खाली तळटिपेत नव्हे. जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलात ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली, तेजस्विनी सावंतांनी त्याच मोलाची कामगिरी २०१० साली म्युनिकला प्रोन प्रकारात ५९७ गुणांनी करून जगज्जेतेपद आणले. अशांना 'बरोबरीवाले' म्हणून मागल्या बाकावर बसवणे शोभत नाही.

कोणत्या स्पर्धेतील गुण धरावेत, यावर मात्र भांडण होईल आणि ते व्हावे. आंतरराष्ट्रीय महासंघ विश्वविक्रमासाठी ठरावीक स्पर्धाच मानतो. राष्ट्रीय अजिंक्यपद अर्थातच धरले पाहिजे. २०२३ मध्ये गोव्यात भरलेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसारख्या स्पर्धाही धराव्यात. वाद आहे तो निवड चाचण्यांचा. चाचणीत प्रेक्षक नसतात, पदक नसते, म्हणून ते गुण हलके, असा एक पक्ष आहे. आम्हांला तो पटत नाही. ज्या फैरीवर संघातील जागा अवलंबून आहे, ती झाडताना नेमबाजाचे हृदय काही संथ चालत नसते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य आणि नियमानुसार पंच असतील तर चाचणीचे गुण अवश्य घ्यावेत. ते नसतील तर कितीही मोठा आकडा असला तरी घेऊ नये. एखाद्या क्लबातल्या सरावात कोणी काय मारले, त्याच्या कथा क्लबातच राहू द्याव्यात.

या कामाला मोठा निधी लागत नाही. एक जाणता माणूस, त्याच्या हाताखाली दोन लेखनिक आणि राज्य संघटनांकडून निकालपत्रांच्या प्रती वेळेवर येणे, एवढ्यावर ते उभे राहील. यांपैकी शेवटचे सर्वांत अवघड, हे आम्ही जाणून आहोत.

प्रारंभ मात्र मिटलेल्या भागापासून व्हावा, कारण चालू विक्रम थोडे थांबू शकतात. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, त्याची नोंद जगभर झालेली आहे, ती कोठे जात नाही. पण त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, सुमा शिरूर आणि त्यांच्या काळातील नेमबाज यांनी देशातल्या मैदानांवर नोंदवलेले गुण कोठे आहेत? कपाटांतील फायलींत, आणि कदाचित त्यांच्या स्वतःच्या रोजनिशींत. पुष्कळ नेमबाज प्रत्येक दिवसाचे गुण, वारा, प्रकाश लिहून ठेवतात. ही मंडळी आज प्रशिक्षक म्हणून मैदानावर भेटतात, विचारले तर सांगतील. त्यांच्या वह्यांच्या प्रती संघटनेने या वर्षीच मागवून घ्याव्यात आणि निकालपत्रांशी ताडून पाहण्यास बसावे.