दुसऱ्या नजरेची तपासणी

जानेवारीअखेरपासून १५ एप्रिलपर्यंत अमेरिकेत आयकर विवरणपत्रांचा हंगाम असतो. या दिवसांत कितीतरी विद्यापीठांत विद्यार्थी स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं विनामूल्य भरून देतात. तिथल्या आयकर खात्याचा ‘व्हिटा’ नावाचा हा उपक्रम पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे.

विवरणपत्र भरायला बसण्याआधी या मुलांना खात्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. शिवाय भरलेलं प्रत्येक विवरणपत्र दाखल होण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून जातं. मला ही दुसरी नजर फार मोलाची वाटते. काम फुकटचं आहे म्हणून ते कसंतरी उरकायचं नाही, ही शिस्त त्यात आहे.

प्रश्न मोठ्या रकमांचा असतो. १९७५पासून तिथे अल्प उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांसाठी एक करसवलत आहे. देय कर शून्य असला तरी ती रक्कम हातात पडते. २०२४च्या उत्पन्नावर, तीन किंवा अधिक मुलांच्या कुटुंबासाठी तिची कमाल मर्यादा ७,८३० डॉलर होती. मात्र विवरणपत्र भरलं तरच. अशा कुटुंबाला त्यातूनच कुणाची फी मोजावी लागणं मला अन्यायाचं वाटतं.

तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही हे ध्यानात ठेवावं. भारत-अमेरिका करकरारामुळे पात्र भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळते. इतर बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. परदेशी विद्यार्थ्यांची विवरणपत्रं मात्र प्रत्येक व्हिटा केंद्र हाताळत नाही, तेव्हा आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात चौकशी करावी.