सांभाळणाऱ्या ताईंना जरा मेथी निवडू द्या

गेल्या महिन्यात सव्वादोन वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे आई-बाबा ओपीडीत आले. ताप नाही, खोकला नाही, वजन व्यवस्थित. तक्रार एकच. "डॉक्टर, हा एक मिनिट एकटा खेळत नाही. सतत कुणीतरी समोर लागतं. हायपर आहे का?"

तपासणी होईपर्यंत दुसरी तक्रारही बाहेर आली, ती दिवसभर मुलाला सांभाळणाऱ्या ताईंबद्दल. घरातल्या कॅमेऱ्यात दिसलं होतं की मुलगा फरशीवर स्टीलचे डबे घेऊन बसलाय आणि ताई शेजारी बसून मेथी निवडताहेत. "चांगली २५ मिनिटं! आम्ही पगार मुलाशी खेळायचा देतो ना, डॉक्टर?" ताईंना काढून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मी विचारलं, "त्या २५ मिनिटांत तो रडत होता का?"

"नाही."

"मग तो एकटाच खेळत होता की!"

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले.

हा लेख त्या ताईंची बाजू घेण्यासाठी लिहितेय. काही पालकांना तो झोंबेल, पण हे दृश्य मी फार वेळा पाहिलंय. मूल एकटं खेळत नाही म्हणून आपण काळजीत पडतो आणि ते एकटं खेळताना दिसलं की सांभाळणारीला कामचुकार ठरवतो. पाळणाघर निवडताना तर पहिला प्रश्न असतो, "दिवसभर काय काय ॲक्टिव्हिटी घेता?" मग तिथल्या ताईही शिकतात. अकरा वाजता सगळ्या पोरांना गोळा करायचं, हाताला रंग लावायचा, कागदावर ठसा उमटवायचा, फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. कोपऱ्यात एक पोर चाळणीतून वाळू गाळण्यात गढून गेलेलं असतं, त्यालाही उठवून फोटोत बसवायचं. फोटो छान येतो, चाळणीचा खेळ मात्र गेलेला असतो.

मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत, मुलाला रमवणं आणि मुलाने रमणं. आपण सगळे पैसे आणि सगळी हौस पहिल्यावर खर्च करतो. रमवणारं कुणी तरी सतत समोर असेल तर स्वतःहून रमायची गरजच मुलाला पडत नाही. सव्वादोन वर्षांच्या धडधाकट मुलाला एकटं खेळता येत नसेल, तर बहुतेक वेळा तो आजार नसतो. ती आपण लावलेली सवय असते. यात माझाही दोष आहे. कित्येक वर्षं मी पालकांना "मुलाशी भरपूर बोला, भरपूर खेळा" एवढंच सांगून पाठवत असे. सल्ला चुकीचा नव्हता, अर्धा होता. कधी गप्प बसायचं, हे सांगायचं राहून जायचं.

आता 'एकटं खेळणं' म्हणजे नेमकं काय? मुलाला एकटं सोडून देणं नव्हे. डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले. १९५८ मध्ये त्यांनी एक वरवर उलटा वाटणारा मुद्दा मांडला. मूल एकटं राहायला शिकतं ते कुणाच्या तरी सोबतीत. खात्रीचं माणूस जवळ आहे, ते आपल्याकडे काही मागत नाही, आपल्याला काही करून दाखवायला लावत नाही, एवढं मुलाला जाणवलं की ते आपल्या नादात शिरतं. मेथी निवडणाऱ्या ताईंनी विनिकॉट वाचलेले नाहीत, पण त्या तेच करत होत्या.

पगारी माणसांनी सांभाळलेल्या मुलांना हे जमेल का, अशी शंका येईल. एमी पिकलर या हंगेरियन बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये निराधार बाळांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे सांभाळणाऱ्या बायकांना शिकवण होती ती अशी: आंघोळ, भरवणं, कपडे बदलणं या वेळी पूर्ण लक्ष त्या एका बाळाकडे. घाई नाही, पुढे काय करणार ते बाळाला सांगत, त्याच्या कलाने. आणि खेळाच्या वेळी त्याला जमिनीवर मोकळं सोडायचं, मध्ये पडायचं नाही. आपण नेमकं उलटं करतो. भरवताना घाई असते, मोबाइल समोर असतो, आणि बाळ खेळायला लागलं की आपण त्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि विचारतो, "हा कुठला रंग? हे किती? डॉगी कसा ओरडतो?"

हे प्रश्न विचारणं थांबवा. मूल ठोकळ्यावर ठोकळा ठेवत असतं तेव्हा तो पडेल का, पडला तर आवाज कसा येईल, याचा त्याचा स्वतःचा हिशोब चाललेला असतो. आपण विचारलेल्या रंगाने तो धागा तुटतो. मूल वर बघतं, उत्तर देतं, टाळ्या मिळतात, आणि पुढच्या वेळी ठोकळ्यांऐवजी टाळ्यांची वाट बघतं. पूर्वी घरात एखादी म्हातारी हळूच म्हणायची, "रमलंय गं, हाक मारू नकोस." हल्लीची आजी मात्र कधी कधी म्हणते, "बिचारं एकटंच बसलंय," आणि उचलून घेते. तिचंही चुकत नाही म्हणा, नातवंडाची ओढ असते.

खेळण्यांचंही तेच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. अभ्यास लहान आहे, पण कुठल्याही पाळणाघरातल्या ताई तुम्हाला हेच सांगतील. बाकीची खेळणी पिशवीत घालून माळ्यावर टाका आणि दर आठवड्याला अदलाबदल करा. वाट्या, झाकणं, पळी, परात, जुनी ओढणी यांना तोड नाही. फक्त तोंडात मावेल असं काही हाताशी नको. शेंगदाणे, चणे, मणी, नाणी, घड्याळातले चपटे गोल सेल, लोहचुंबकाचे मणी हे सगळं दूर ठेवा. आणि पाण्याने भरलेली बादली तर नकोच नको. तेवढ्या पाण्यातही रांगतं मूल बुडू शकतं.

मोबाइल हातात देऊन शांत बसवलेलं मूल एकटं खेळत नसतं. तिथे रमवणारा फक्त बदललेला असतो, आणि तो ताईंपेक्षा शंभर पटीने तरबेज असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नको, आणि त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. पण ताईंना तुम्ही बजावता, "तो रडता कामा नये, किरकिर करता कामा नये, आणि जमलं तर पोळ्याही करून ठेवा." मग त्या काय करणार? मोबाइल त्यांच्या हातात आपणच ठेवतो. मूल थोडं कंटाळलं, थोडं कुरकुरलं तर चालेल, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं.

आता सवय कशी लावायची ते. ताई आल्या किंवा मूल पाळणाघरात पोचलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं पूर्ण त्याची. मांडीवर घ्या, गप्पा मारा, बरोबर खेळा. पोट भरलेलं, झोप झालेली, लंगोट कोरडा. मग तिथेच खाली बसून ताईंनी आपलं हातातलं काम घ्यायचं आणि सांगायचं, "मी लसूण सोलतेय, इथेच आहे." नजर चुकवून पळून जायचं नाही. एकदा फसलेलं मूल पुढचे चार दिवस पदर सोडत नाही. मुलाने वर बघितलं तर नजर द्या, हसा, पण सुचवू नका. ठोकळा अडकला आणि ते चिडून आवाज काढू लागलं तर थोडं थांबा. चिडणं आणि रडणं यांतला फरक सांभाळणारीला बरोबर कळतो. रडलं तर मात्र जवळ घ्या, त्यात लाड नाहीत. वर्षाच्या बाळाकडून पाचेक मिनिटं, दोन वर्षांच्या मुलाकडून दहा, तीन वर्षांच्या मुलाकडून पंधरा-वीस, यापेक्षा जास्तीची अपेक्षा सुरुवातीला नको. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुलं तशीही चिकटतात, ते वयच तसं. आणि पाळणाघर नवीन असेल तर पहिले दोन-तीन आठवडे हा विषयच काढू नका.

"पण ताईंकडे खेळतो, आमच्याकडे संध्याकाळी मुळीच खेळत नाही!" हेही रोज ऐकते. अहो, दिवसभर त्याला तुम्ही मिळालेले नसता. संध्याकाळी त्याला डबे नको असतात, तुम्ही हवे असता. घरी आल्यावर पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवून जमिनीवर बसा. एकटं खेळण्याचा सराव सुट्टीच्या दिवशी सकाळी करा.

कॅमेऱ्याबद्दल मी भांडणार नाही. आपलं मूल परक्या हाती देताना भीती वाटते, आणि दुर्लक्ष करणारी माणसंही असतात. पण कॅमेऱ्यात काय बघायचं ते ठरवा. मूल तासन्‌तास वॉकरमध्ये किंवा टीव्हीसमोर आहे का? ते रडलं तर कुणी उठतं का? ताईंची नजर अधूनमधून त्याच्याकडे जाते का? ताई 'रिकाम्या' बसल्यात का, हा प्रश्नच नाही.

एकटं खेळण्याचा एक प्रकार मात्र मला नक्की दाखवायला आणा. मूल हाकेला वळत नाही, नजर देत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नाही, गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत राहतं, किंवा येत असलेले शब्द बोलेनासं झालंय. हे रमणं नव्हे. इथे "शांत आहे, गुणी आहे" म्हणून वाट बघू नका. रमलेलं मूल मधूनच वळून बघतं, झाकण उंच धरून तुम्हाला दाखवतं आणि पुन्हा आपल्या कामाला लागतं.

तो सव्वादोन वर्षांचा मुलगा परवा लसीसाठी पुन्हा आला होता. ताई अजून आहेत. आई माझ्याशी बोलत असताना तो माझ्या टेबलाखाली बसून कापसाच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावत-काढत होता. बाबा खाली वाकून म्हणाले, "डॉक्टरांना वन-टू-थ्री म्हणून..." आणि मध्येच थांबले. आम्ही तिघंही गप्प बसून राहिलो, बाहेर पाच पेशंट खोळंबलेले असताना.