मुंबईची भुयारी मेट्रो पूर्ण धावायला लागली, पण लोकलची गर्दी का कमी होत नाही?

गिरगावात राहणारा आणि सीप्झमध्ये कामाला जाणारा माणूस घ्या. त्याचा दिवस कसा सुरू व्हायचा? चालत चर्नी रोड, तिथून लोकलनं अंधेरी, मग पूर्वेला उतरून बस नाहीतर शेअर रिक्षा. पावसाळ्यात तर रिक्षावाला 'नाही जाणार' म्हणाला की लेट मार्क पक्का.

आता त्याच माणसाला गिरगावात जमिनीखाली उतरून थेट सीप्झला बाहेर पडता येतं. एसी गाडी, एकच तिकीट आणि डोक्यावर ट्रॅफिक नाही.

हे सगळं झालं ते मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाइनमुळे. मग प्रश्न असा पडतो की, एवढी भारी सोय झाली तरी लोकलच्या दारात लटकणारी माणसं तशीच का आहेत?

आधी ही लाइन समजून घेऊ

आरे ते कफ परेड असा हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग आहे. स्टेशनं २७, त्यातलं आरे सोडलं तर बाकी २६ जमिनीखाली. मार्ग सुरू झाला तीन तुकड्यांत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये तिथून वरळीचा आचार्य अत्रे चौक आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक थेट कफ परेडपर्यंत जायला लागले.

सुरुवातीला साधारण २३ हजार कोटींचा असलेला खर्च पुढे ३७ हजार कोटींच्या वर गेला. आरेच्या कारशेडचा वाद, झाडांची तोड, मध्येच कांजूरमार्गला हलवलेली आणि पुन्हा आरेत आणलेली कारशेड, हे सगळं मुंबईनं पाहिलं. काळबादेवी-गिरगावातल्या जुन्या इमारतींमधल्या कुटुंबांना तर राहती घरं सोडावी लागली.

म्हणजे शहरानं या मेट्रोची किंमत बऱ्याच प्रकारे मोजलीय. म्हणूनच ती नेमकी कुणाच्या कामाची, हे विचारायला हवं.

फायदा कुणाचा झाला?

मुंबईची लोकल धावते उत्तर-दक्षिण. तिच्या रुळांपासून लांब राहिलेल्या जागा बऱ्याच आहेत. काळबादेवी, वरळी, सिद्धिविनायक, बीकेसी, विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, सीप्झ आणि कफ परेड. या सगळ्या आता एका माळेत आल्यात. मरोळ नाक्याला वर्सोवा-घाटकोपर मेट्रोही मिळते.

त्यामुळे ज्याचं घर आणि ऑफिस दोन्ही या लाइनवर आहे, त्याचं आयुष्य खरंच सोपं झालंय.

मग अडतंय कुठं?

पहिला मुद्दा भाड्याचा. या मेट्रोचं तिकीट १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे. आरे ते कफ परेड रोज जाऊन-येऊन १४० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,५०० रुपये.

आता दिल्ली बघा. ऑगस्ट २०२५ च्या भाडेवाढीनंतर तिथं लांबच्या प्रवासाला ६४ रुपये लागतात. म्हणजे मुंबईचं भाडं काही जगावेगळं नाही. पण इथं मेट्रोची तुलना होते लोकलशी. चर्चगेट ते बोरिवली सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये, त्यात पास काढला तर आणखी स्वस्त. लोकलएवढं स्वस्त काही असेल तर माणूस घाम सोसतो, पण पैसे वाचवतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. लोकलची खरी गर्दी येते विरार, वसई, कल्याण, डोंबिवलीकडून. ही मेट्रो तिथं पोचतच नाही. त्या माणसाला आधी लोकल पकडावीच लागते. मग दादरला उतरून मेट्रो घ्यायची तर ती त्याच्या पासाच्या वरचा खर्च होते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. तो धोका या भुयारामुळे कमी होत नाही.

आकडाही तेच सांगतो. रोज १३ लाख प्रवासी मिळतील असा अंदाज होता. पूर्ण मार्ग खुला झाला त्या पहिल्या दिवशी प्रवासी होते दीड लाखाच्या आसपास. नवी मेट्रो भरायला वेळ लागतो हे खरं, पण दरी मोठी आहे.

तिसरा मुद्दा स्टेशनाबाहेरचा. मेट्रोतून उतरल्यावर पुढं काय? ९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसी बसचं ६ वरून १२. म्हणजे मेट्रोला जोडणारी बसही महागली.

आणि पावसाळा? २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराकडून ते आलं होतं. स्टेशन सुरू होऊन तेव्हा तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

यातून मार्ग काय?

८ ऑक्टोबरलाच 'मुंबई वन' हे ॲप आलं. वेगवेगळ्या ११ वाहतूक सेवांची तिकिटं त्यावर एकत्र मिळतात. सुरुवात चांगली आहे, पण तिकीट एका ठिकाणी मिळणं वेगळं आणि भाडं एक होणं वेगळं. डोंबिवलीचा माणूस लोकल, मेट्रो आणि बस मिळून एकच पास काढू शकला आणि तो त्याच्या खिशाला परवडला, तरच तो दादरला उतरून जमिनीखाली जाईल.

गिरगावच्या माणसाचा प्रश्न सुटला, ही मोठी गोष्ट आहे. पण रोज सकाळी लोकलच्या दारात उभा असलेला माणूस अजून मेट्रोच्या हिशोबात आलेला नाही. पुढच्या वेळी नव्या लाइनचं उद्घाटन होईल, तेव्हा किती किलोमीटर झाले याच्याबरोबर पास कितीला मिळणार, हेही विचारायला विसरू नका.