हिरव्या भिंतीवरचे ठिपके

अमेरिकेत बेसबॉलची मोठी मैदाने सामना नसतानाही तिकीट लावून आतून दाखवतात. बोस्टनचे फेनवे पार्क हे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतले सर्वात जुने मैदान. तिथला पहिला अधिकृत सामना २० एप्रिल १९१२ रोजी झाला, टायटॅनिक बुडाल्यावर पाचच दिवसांनी. रेड सॉक्स हा संघ आजही तिथेच खेळतो. बेसबॉलचे नियम मला अजून अर्धेच कळतात. तरीही बोस्टनला कोणी निघाले की मी त्याला फेनवे पाहून ये म्हणतो.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे. फलंदाजापासून ही बाजू जवळ, जेमतेम ३१० फुटांवर; म्हणून भिंत एवढी उंच. तिच्या पायथ्याशी धावफलक आहे आणि तो अजून हाताने बदलतात. माणसे भिंतीच्या पोटात बसून आकड्यांचे पत्रे सरकवतात आणि फटींतून सामना पाहतात. समोरच्या हिरव्या खुर्च्यांत एकच खुर्ची लाल आहे. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने मारलेला चेंडू ५०२ फूट जाऊन तिथे एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला होता, त्याची ती खूण.

मला बोलायचे आहे ते त्या धावफलकावरच्या पांढऱ्या उभ्या रेषांविषयी. नीट पाहिले तर त्यांत ठिपके आणि रेघा दिसतात. ही मोर्स लिपी आहे. त्यात संघाचे जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यॉकी यांची आद्याक्षरे लिहिली आहेत. गंमत म्हणून ही गोष्ट सगळे सांगतात, आणि ती आहेही गंमतीची. पण यॉकी कोण होते, हे कळल्यावर ते ठिपके वेगळे दिसू लागतात.

यॉकींनी १९३३ मध्ये संघ विकत घेतला. पैसा ओतून मैदान जवळजवळ नव्याने बांधले. कर्करोग झालेल्या मुलांच्या निधीला मदत केली. आणि याच मैदानावर १६ एप्रिल १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली. तीही सहज झाली नव्हती. इसाडोर मचनिक या नगरसेवकाने रविवारच्या सामन्यांची परवानगी अडवण्याची धमकी दिली होती, आणि खेळाडूंना घेऊन आले होते वेंडेल स्मिथ हे कृष्णवर्णीय पत्रकार. चाचणी झाली, खेळाडू परतले, निरोप कधीच आला नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि इतिहास घडला. जेथ्रो १९५० मध्ये बोस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून खेळून सर्वोत्तम नवोदित ठरला. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो २१ जुलै १९५९ रोजी. तेव्हाच्या सोळा संघांत सर्वात शेवटी. तोवर रॉबिन्सन निवृत्तही झाला होता.

यॉकींच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये, मैदानाबाहेरच्या रस्त्याला त्यांचे नाव दिले गेले. २०१८ मध्ये ते काढून जर्सी स्ट्रीट हे जुने नाव परत आले. यॉकींच्या नावाने चालणाऱ्या धर्मादाय संस्थेने विरोध केला. पण नाव काढा अशी मागणी केली होती खुद्द रेड सॉक्स संघाने.

मला ही गोष्ट मोठी वाटते. आपल्याकडे २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे अधिकृतपणे बदलली. औरंगजेबाची किंवा निजामाची वकिली मला करायची नाही. राजे ते राजेच. पण ज्यांनी ती बदलली, त्यांचे स्वतःचे त्यात काय गेले? बोस्टनमध्ये संघाने आपल्याच घरातल्या, आपल्यावर उपकार केलेल्या माणसाचे नाव उतरवले. आपल्या मुस्लिम संस्थांनाही हे सोपे जाणार नाही. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या असतात. त्या देणगीदारांच्या काळात संस्थेच्या कारभारात एकही बाई का नव्हती, हे त्या पाटीसमोर उभे राहून कोण विचारतो?

मग ते ठिपकेही पुसावेत का? माझे मत, पुसू नयेत. रस्त्याचे नाव हा सन्मान असतो, रोज पत्ता सांगताना तो नकळत तोंडी येतो. धावफलकावरचे ठिपके कोणीतरी वाचून दाखवल्याशिवाय कळतच नाहीत, आणि वाचून दाखवताना पुढची गोष्टही सांगता येते. शिवाय उजव्या बाजूला, संघाने सन्मानाने राखून ठेवलेल्या क्रमांकांच्या रांगेत, निळा ४२ टांगलेला आहे. तो रॉबिन्सनचा क्रमांक. १९९७ मध्ये सर्वच संघांनी तो कायमचा राखून ठेवला, म्हणून तो इथेही आहे. या संघाकडून तो कधी खेळलाच नाही.

फेनवेला गेलात तर दोन्ही पाहा. आणि आतून दाखवणाऱ्या माणसाला एवढेच विचारा, १९४५ च्या एप्रिलमध्ये ती तीन मुले मैदानात कुठे उभी होती?