विज्ञानाला जात नसते, पण संमतीपत्राला असते

"विज्ञानाला जात नसते," हे वाक्य तोंडावर फेकून वाद संपवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. या मित्रांसाठी आज प्रयोगशाळेतलंच उदाहरण घेऊ.

जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या दोन मानवी सेल लाइन शेजारी ठेवा. एक डब्ल्यूआय-३८. तिच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रं, तुमच्या-माझ्यासारखीच. सुमारे ५० वेळा दुप्पट झाली की तिची वाढ थांबते. दुसरी हेला. तिच्या केंद्रकात साधारण ७६ ते ८० गुणसूत्रं. दिवसभरात ती दुप्पट होते आणि गेली सत्तर वर्षं थांबलेली नाही.

हा फरक कशामुळे? काळ्या-गोऱ्या रक्तामुळे नाही. एचपीव्ही-१८ या विषाणूने आपली जनुकं पेशीच्या गुणसूत्रात घुसवली, पेशीला आवर घालणारी यंत्रणा मोडली. कर्करोगाच्या पेशीत टेलोमरेज हे विकर जागं असतं, म्हणून म्हातारपण येत नाही. केंद्रकात उच्च-नीच सापडत नाही. जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ठणकावून सांगितलं होतं.

इथवर आपले मित्र खूश होतील. पण प्रश्न इथेच सुरू होतो. या पेशी आल्या कुणाच्या शरीरातून?

हेला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबातली कृष्णवर्णीय स्त्री. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या वॉर्डात तिच्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार झाले. तिला न विचारता पेशी काढल्या गेल्या. त्याच वर्षी, ३१व्या वर्षी ती गेली. पेशी पोलिओच्या लसीपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत कामी आल्या, विकल्या गेल्या. कुटुंबाला दोन दशकं पत्ताही नव्हता. डब्ल्यूआय-३८ ही एका स्वीडिश स्त्रीच्या गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भाच्या फुप्फुसातली. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. बाईचं शरीर गृहीत धरायची सवय सगळीकडची. त्यात वर्ण किंवा जात मिळाली की मग विचारायलाच नको.

हे अमेरिकेचं, आपला काय संबंध? ऐका. हेन्रिएटाचा जीव ज्या विषाणूने घेतला, त्याच्याविरुद्धच्या लसीचा प्रकल्प २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत राबवला गेला. खम्मममध्ये वसतिगृहांतल्या आदिवासी मुली त्यात होत्या. संसदीय समितीने २०१३ साली नोंदवलं की आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर सह्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या होत्या. आईबापांच्या नव्हत्या! दक्षिण मुंबईतल्या एखाद्या महागड्या शाळेत मुख्याध्यापकाने अशा सह्या केल्या असत्या का?

आमचा विरोध लसीला नाही. ती लस आमच्या बायाबापड्यांना सगळ्यात आधी हवी, कारण या कर्करोगाने त्याच जास्त मरतात. आम्ही विज्ञानाचे शत्रू नाही. धम्म स्वीकारलेली माणसं आहोत, तपासून घेणं हा आमचा संस्कार आहे. आमचं म्हणणं एवढंच की सूक्ष्मदर्शकातून केंद्रक दिसतं, 'नाही' म्हणण्याचा हक्क कुणाला होता ते दिसत नाही. ते पाहायला समाजाकडे पाहावं लागतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. संमतीपत्र लोकांच्या बोलीत समजावून द्या. वॉर्डनची सही पालकांची सही समजू नका. आणि वर्गात हेलाची गुणसूत्रं मोजायला शिकवाल, तेव्हा हेन्रिएटाचं पूर्ण नावही फळ्यावर लिहा.

जय भीम!