उन्हाला दोष, गवत मोकळे

आमच्या वस्तीतील एक मावशी रस्ता झाडण्याच्या कामावर आहेत. तीन वर्षांत त्यांचा चेहरा, मान, कोपराच्या घड्या काळवंडून जाड झाल्या. खाजेने रात्र रात्र झोप नाही. घरचे म्हणतात, "ऊन बाधलं." त्यांचे ताट-पेला वेगळा केलेला, नातवाला जवळ घेऊ देत नाहीत. शिवाशिवीविरुद्ध लढलेल्या समाजाच्या घरात हे पाहून आम्हाला फार वाईट वाटले. अंगभर फोड झालेल्या तिस्स भिक्खूला तथागतांनी स्वतः न्हाऊ घातले, ही कथा आपण विहारात ऐकतो ना? आणि इसब तर स्पर्शाने पसरतही नाही.

मावशींना आम्ही सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "कामाच्या ठिकाणी गाजरगवत आहे काय?" नाल्याकाठी कंबरेएवढे आहे!

१९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलेले हे काँग्रेस गवत आज देशभर माजले आहे. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्याने काहींना इसब होतो. वाळलेल्या गवताची धूळही पुरते. ती उघड्या अंगावरच बसते, म्हणून सर्वांना उन्हाचा संशय येतो. पण नुसत्या उन्हाच्या त्रासात पापण्या, कानामागचा आणि हनुवटीखालचा भाग बहुधा वाचतो. धूळ तेथेही शिरते. दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले, तर काहींच्या त्वचेला पुढे ऊनच सोसेनासे होते. मग गवत नसले तरी नुसत्या उन्हाने इसब उठतो. म्हणजे घरचे अगदीच चुकले नव्हते, पण मूळ त्यांना दिसले नाही.

मेडिकलमधून विचारून आणलेले मलम मावशी वर्षभर तोंडाला लावीत होत्या. त्यात स्टेरॉइड होते. अशी मलमे २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात! डॉक्टरही स्टेरॉइड देतात, परंतु मोजक्या दिवसांसाठी. मनाने लावत राहिल्यास कातडी पातळ होते आणि ऊन अधिकच झोंबते.

आता मावशी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालतात, तोंड-मान रुमालाने झाकतात. घरी येताच अंग धुऊन ओलसर त्वचेला खोबरेल लावतात, कामाचे कपडे वेगळे धुतात. विहारामागचे गवत फुलावर येण्यापूर्वी आम्ही हातमोजे घालून उपटले. ज्यांना इसब आहे त्यांना दूर ठेवले.

हातमोजे व दुसऱ्या जागेवरचे काम मिळावे म्हणून मावशींचा अर्ज आम्हीच लिहिला, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला. पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही.